आधी वारा, मग आग
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

ज्यांचे बालपण सोलापुरात गेले त्यांना गिरणीचा भोंगा म्हणजे काय ते सांगायला नको. पहाटेच्या पहिल्या भोंग्याला गल्लीतल्या चुली पेटायच्या, पुढच्या भोंग्याला डबे बांधून माणसे बाहेर पडायची. घरात घड्याळ नसले तरी चालत असे. तो भोंगा वाफेवर वाजायचा. म्हणजे सगळ्या गावाला उठवणाऱ्या त्या वाफेसाठी कुणीतरी गावाच्या कितीतरी आधी उठलेले असे. आमच्या घरात ते माझे अब्बा होते. मिलच्या हजेरीपुस्तकात त्यांच्या नावापुढे ‘आगवाला’ असा हुद्दा लिहिलेला होता. सरकारी मराठीत बॉयलरला ‘बाष्पक’ म्हणतात आणि तो सांभाळणाऱ्याला ‘बाष्पक परिचर’. शब्द बरोबर आहेत, पण मी तरी कुणाच्या तोंडी ते ऐकले नाहीत. ‘आगवाला’ हा शब्द मात्र कोणत्याही कोशमंडळाने न बसता तयार झाला आणि कामाचे मर्म सांगून गेला. बॉयलर वाफेसाठी असतो खरा. सांभाळावी लागते ती आग.

अब्बांचा बॉयलर लँकेशायर जातीचा, साधारण तीस फूट लांब, विटांच्या बांधकामात आडवा निजवलेला. त्याच्या पोटातून दोन मोठ्या नळ्या आरपार गेलेल्या, त्या नळ्यांच्या तोंडाशी कोळसा जळायचा. वार्षिक साफसफाईनंतर असा बॉयलर थंडगार अवस्थेतून वर आणायचा तर एक अख्खा दिवस लागे. घाई केली की वरचे लोखंड तापून पसरते, खालचे थंडच राहते, आणि जोडांवर ताण येऊन ते पाझरू लागतात. म्हणून आधी लहान आग, मग थोडी मोठी, मग आणखी थोडी. रात्री आग दाबून ठेवायची, म्हणजे निखाऱ्यांवर बारीक कोळसा पसरून तिला मंद करायची. सकाळी भट्टीचे दार उघडण्याआधी चिमणीकडे जाणारी झडप, म्हणजे डँपर, अगोदर उघडायचा. नव्या माणसाला अब्बा आमच्या दखनीत एवढेच सांगायचे, “पहिले हवा, बाद में आग.” दाबलेला कोळसा रात्रभर धुमसत असतो, त्याचा वायू भट्टीत साठतो, आणि दार उघडताच बाहेरची हवा आत शिरून सगळे एकदम पेट घेते. दारासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या भुवया त्यात जातात. भुवया गेल्या तर नशीब चांगले म्हणायचे.

हे कोळशाच्या काळातले झाले. आज पुष्कळ कारखान्यांत बॉयलर तेलावर किंवा गॅसवर चालतो, पांढऱ्या रंगाच्या पेटीसारखा दिसतो आणि बटण दाबले की अर्ध्या-पाऊण तासात वाफ देतो. टॉवेल-चादरी रंगवणारी प्रोसेस हाउसे, दुधाच्या डेअऱ्या, औषधांचे कारखाने, मोठ्या इस्पितळांची धुलाईघरे, सगळीकडे तो आहे. आपल्या घरातल्या टॉवेलचा रंग पक्का असतो तो कुठल्या तरी बॉयलरच्या जिवावर. म्हणून वाटले, हा बॉयलर रोज सकाळी कसा सुरू करतात आणि त्यात नेमके काय बिघडू शकते, हे एकदा नीट सांगावे.

पहिली गोष्ट. बॉयलरला दोन पोटे असतात: एक पाण्याचे, एक आगीचे. दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी फुटू शकतात. आपल्याला ठाऊक असतो तो पाण्याच्या बाजूचा स्फोट, वाफेचा दाब वाढून होणारा. कायदाही त्याच भयातून जन्मला. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली, त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा पहिला कायदा झाला. पुढे १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला. तो शंभर वर्षांहून अधिक चालला आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. बॉयलरची नोंदणी, निरीक्षकाची ठरावीक मुदतीने तपासणी, परीक्षा उत्तीर्ण झालेलाच अटेंडंट, ही सगळी शिस्त त्यातूनच आली. त्या शिस्तीमुळे असंख्य माणसे वाचली असतील. वाचलेल्यांची बातमी होत नाही, म्हणून आकडा कुणाजवळ नाही. बातमी होते तेव्हाही गोंधळ असतो. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला, त्या दुपारी जो तो ‘बॉयलर फुटला’ म्हणत होता. मागाहून कळले की तो रिअॅक्टर होता.

आगीच्या बाजूच्या स्फोटाबद्दल मात्र बाहेर फारसे कुणी बोलत नाही. तो समजायला कारखान्यात जावे लागत नाही, स्वयंपाकघर पुरते. शेगडीचे बटण फिरवले, लायटर दोन-तीनदा वाजला, ठिणगी पडली नाही, चौथ्यांदा पडली. तेव्हा ‘भक्’ असा आवाज होतो आणि हात झटकन मागे येतो. त्या मधल्या तीन क्षणांत जो गॅस बाहेर आला, तो सगळा एकाच वेळी जळाला. शहाणी बाई काय करते? बटण बंद करते, खिडकी उघडते, पदराने वारा घालते, थोडे थांबते आणि मग पुन्हा पेटवते. बॉयलरची सगळी सुरक्षित सुरुवात एवढ्यात आली. फरक एवढाच की शेगडी उघड्यावर असते आणि भट्टी चारही बाजूंनी बंद. तिथला ‘भक्’ लोखंडी दार उखडून टाकतो.

इंधन आणि हवा यांचे प्रमाण विशिष्ट मर्यादेत आले तरच स्फोट होतो. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हवेत साधारण ५ ते १५ टक्के असेल तर पेट घेतो. सिलिंडरमधला एलपीजी साधारण २ ते साडेनऊ टक्के असला तरी पुरे. नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो; एलपीजी जड, तो जमिनीलगत, गटारात, खड्ड्यात जाऊन बसतो. म्हणून एलपीजीवरच्या बॉयलरघरात आधी वाकून वास घ्यायचा असतो. तेलाची तऱ्हा आणखी वेगळी. न पेटलेले तेल भट्टीच्या तळाशी साचते, विटांत मुरते. भट्टी गरम असेल तर त्याची वाफ होत राहते आणि ती ठिणगीची वाट पाहते.

आता सकाळी बॉयलरघरात जाऊ. चांगला अटेंडंट आल्या आल्या बटणाला हात लावत नाही. तो आधी फिरतो. कुठे तेल ठिबकले आहे का, कुठे वास आहे का, चिमणीकडचा डँपर मोकळा आहे का, हवा येण्याची जाळी कुणी पोती लावून बुजवली आहे का. (हिवाळ्यात बुजवतात. बॉयलरघरासारखी ऊब दुसरीकडे नसते, रात्रपाळीची माणसे तिथे झोपायला येतात.) मग तो पाण्याची काच बघतो. बॉयलरच्या अंगावर दोन उभ्या काचनळ्या असतात, त्यांत आतल्या पाण्याची पातळी दिसते. पण काचेत पाणी दिसले म्हणजे बॉयलरात आहेच असे नाही. नळीचे तोंड गाळाने बुजले असेल तर कालचेच पाणी आज दिसते. म्हणून काचेखालचा कॉक उघडून पाणी सोडून द्यायचे. ते झपकन परत वर आले तर काच खरे बोलते. रेंगाळत आले तर तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

बॉयलर थंड असेल तर वरचा हवेचा कॉक उघडा ठेवायचा, आतली हवा निघून सलग वाफ येऊ लागली की बंद करायचा. जड फर्नेस ऑइल असेल तर ते आधी गरम करून पातळ करावे लागते. घट्ट तेलाची बर्नरमधून बारीक फवार होत नाही, थेंब पडतात, आणि थेंब धड जळत नाहीत.

एवढे झाल्यावर बटण. बटण दाबताच आग पेटत नाही. पहिल्यांदा नुसता पंखा फिरतो. हवेची झडप पूर्ण उघडते आणि पंखा भट्टीतली, नळ्यांतली, चिमणीच्या वाटेवरची सगळी हवा बाहेर ढकलतो. एकदा नाही, निदान चार वेळा तरी आतली हवा बदलली पाहिजे असा सर्वसाधारण दंडक आहे. बॉयलरच्या आकारानुसार याला अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटे लागतात. यंत्रवाले याला ‘पर्ज’ म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला ही वेळ वाया गेल्यासारखी वाटते, कारण यंत्र आवाज करत असते आणि काम काहीच होत नसते. अब्बांचा डँपर आणि ही पर्ज एकाच घराण्यातल्या.

मग हवा कमी होते, ठिणगी पडते, इंधनाची झडप उघडते. या क्षणी एक डोळा भट्टीत बघत असतो, खरोखरीचा डोळा. तेलाच्या बर्नरला बहुधा प्रकाश ओळखणारा फोटोसेल असतो, गॅसच्या बर्नरला ज्वालेतले अतिनील किरण ओळखणारी नळी. इंधन सुटल्यावर अगदी थोड्या सेकंदांत या डोळ्याला ज्योत दिसली पाहिजे. नाही दिसली तर इंधन बंद होते, लाल दिवा लागतो आणि यंत्र अडून बसते. माणसाने हाताने ‘रीसेट’चे बटण दाबल्याशिवाय ते पुढे जात नाही. यंत्र बनवणाऱ्याने इथे मुद्दाम माणसाला बोलावले आहे. त्याला सांगायचे आहे की बाबा, काहीतरी चुकले आहे, बघ आणि मग ठरव.

आणि नेमके इथेच माणसे बटण दाबत सुटतात.

१९९७ च्या हिवाळ्यात मी एका प्रोसेस हाउसच्या कार्यालयात कारकून होतो. बी. ए. झालो होतो, कविता छापून येत होत्या, आणि पोटासाठी टॉवेलच्या लॉटांचे हिशेब लिहीत होतो. एका सकाळी रंगाच्या मशीनमध्ये माल लागलेला असताना बॉयलर ट्रिप झाला. मालाचे तापमान उतरू लागले की रंगाची छटा मार खाते, एका लॉटचे दोन रंग होतात, व्यापारी माल परत पाठवतो. रंगखात्यातून मला फोन, मालकांचा मला फोन, आणि मी बॉयलरघरात फोन केला. “वाफ कधी देतोस?” तिथला अटेंडंट चोवीस-पंचवीसचा मुलगा होता. म्हणाला, “साहेब, पेटत नाही, बघतो.” मी पाच मिनिटांनी पुन्हा केला. आणखी तीन मिनिटांनी पुन्हा केला. तिसऱ्या फोनवर मी काय बोललो ते मला आठवते, पण इथे सांगण्यासारखे नाही.

त्याने किती वेळा रीसेट दाबले याची नोंद नाही. तो स्वतः म्हणाला, चार किंवा पाच. ठिणगीच्या कांड्यांवर काजळी चढली होती, ठिणगी कधी पडे, कधी न पडे. प्रत्येक वेळी काही सेकंद तेल फवारले जाई आणि गरम विटांवर पडे. त्यातून, वेळ वाचावा म्हणून कुणीतरी पर्जचा टायमर आधीच कमी करून ठेवला होता, हे मागाहून कळले. शेवटच्या खेपेला ठिणगी पडली. मागचे दार बिजागऱ्यांसकट निखळून भिंतीवर आदळले. तो समोर होता, बर्नरच्या बाजूला, दाराच्या रेषेत नव्हता, म्हणून जिवावरचे उजव्या हातावर आणि गालावर निभावले. तीन आठवडे इस्पितळात होता. मी भेटायला गेलो तेव्हा मलाच म्हणाला, “साहेब, लॉट वाचला का हो?”

लॉट वाचला नव्हता.

घरी येऊन मी अब्बांना सगळे सांगितले. मिल तोवर बंद पडली होती, ते घरीच असत. त्यांनी तेल-गॅसचा बॉयलर कधी चालवला नव्हता. ऐकून घेतले आणि एकच विचारले, “फोन कुणाचा होता?”

तर, बर्नर अडून बसला की काय करायचे? इंधनाची हाताची झडप बंद. पंखा चालू ठेवून पूर्ण वेळ हवा खेळू द्यायची. तोवर कारण शोधायचे: तेल येते का, गरम आहे का, नोझल चोंदले का, कांड्यांत अंतर बरोबर आहे का, डोळ्यावर काजळी आली का. मग एकदा प्रयत्न. बर्नरच्या माहितीपुस्तकात जितक्या खेपांची मुभा असेल तितक्याच, त्यापुढे एकही नाही. मग मेकॅनिकला बोलवायचे. भट्टीत तेल साचलेले दिसले तर ते पुसून काढून, भट्टी हवाशीर करून मगच पुढचे. आणि बटण दाबताना अंग नेहमी दारांच्या रेषेच्या बाहेर ठेवायचे.

त्या डोळ्याला फसवण्याचे प्रकारही असतात. तो सारखा ट्रिप करतो म्हणून फोटोसेल बाहेर काढून त्याच्यासमोर बॅटरी किंवा दिवा धरणारे लोक आहेत. यंत्राला वाटते ज्योत आहे. आत ज्योत विझलेली असते आणि इंधन येतच असते. नवी यंत्रे पर्ज चालू असतानाच बघून घेतात की अवेळी उजेड दिसतो का, आणि दिसला तर अडून बसतात. पण बॉयलर चालू झाल्यावर दाखवलेल्या दिव्यापुढे पुष्कळ यंत्रे आंधळीच. काजळलेली काच मऊ फडक्याने पुसायला एक मिनिट लागते, हे लिहितानाही मला संताप येतो.

पाण्याच्या बाजूलाही असाच एक पहारेकरी असतो. पातळी उतरली की बर्नर बंद करणारा स्विच. कामगार त्याला ‘मोब्रे’ म्हणतात, मुळात ते एका कंपनीचे नाव. गाळ बसला की तो अडकतो, म्हणून अधूनमधून त्यातले पाणी सोडून बर्नर खरोखर बंद होतो का ते पाहायचे. पाणी काचेतून दिसेनासे झाले असेल तर आग ताबडतोब बंद करायची, आणि इथे मन आवरायचे: पंप चालू करून पाणी घालायचे नाही. आतले लोखंड उघडे पडून लाल झालेले असू शकते. १० किलो दाबाच्या बॉयलरमध्ये पाणी सुमारे १८४ अंशांवर असते, आणि पाण्याची वाफ झाली की ती उघड्या हवेत सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. लाल पत्र्यावर थंड पाणी म्हणजे काय, याची कल्पना त्यावरून यावी. बॉयलर आपोआप थंड होऊ द्यायचा आणि तपासून घेतल्याशिवाय पेटवायचा नाही.

दाब चढल्यावरही वाफेचा मोठा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. पाइपात रात्रीचे पाणी असते, ते आधी काढायचे. नाहीतर वाफ त्या पाण्याला गोळीसारखी पुढे ढकलते आणि पाइपावर कुणी घण घालतो आहे असे वाटते.

थर्मिक फ्लुइड हीटर म्हणून एक धाकटा भाऊ आहे. त्यात पाण्याऐवजी तेल फिरते, अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापते. त्यात वाफ नाही, म्हणून बॉयलरच्या कायद्याच्या व्याख्येत तो बसत नाही, आणि म्हणून त्याच्याकडे लक्षही कमी. त्याचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: सुरू करताना आधी पंप, मग आग, बंद करताना आधी आग, मग तेल निवेपर्यंत पंप. वीज गेली आणि पंप थांबला की तापलेल्या नळ्यांत तेल उभे राहते आणि करपते. ज्यांच्याकडे लाकूड किंवा बगॅसच्या कांड्या जळतात त्यांची आग वीज गेली म्हणून विझत नाही, त्यांना तर पंपासाठी जनरेटर हवाच.

हे सगळे ज्याच्या हातात असते त्याला परीक्षा द्यावी लागते, आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या. काच, पंप, सेफ्टी व्हॉल्व्ह, सगळे त्याला तोंडी विचारतात. पण पेपर कितीही चांगला गेला तरी कार्यालयातून फोन आल्यावर “थांबा” म्हणायचा अधिकार त्याला कुणी कागदावर लिहून देत नाही. काही कारखान्यांत मी तो लिहिलेला पाहिला आहे: बॉयलरघराच्या दारावर रंगवलेली पाटी, की बर्नर केव्हा पेटवायचा हे इथला अटेंडंट ठरवील. पाटीखाली मालकाची सही होती. सही महत्त्वाची.

त्या मुलाने पुढे पहिल्या वर्गाची परीक्षा दिली. आता तो एका डेअरीत बॉयलरवर आहे, हाताखाली दोन पोरे आहेत. मागे भेटलो तेव्हा त्याने मला त्याचे बॉयलरघर दाखवले. लॉगबुक स्वच्छ, दर तासाची पातळी, दाब, चिमणीचे तापमान. चिमणीचे तापमान चढत चालले की नळ्यांवर काजळी साचते आहे असे समजायचे, हे त्यानेच मला शिकवले. भिंतीवर फोनची जागा दिसत होती, दोन स्क्रूंची भोके आणि खाली चौकोनी फिकट डाग. मी त्याकडे बघतो आहे हे त्याच्या लक्षात आले.

“काढून टाकला,” तो म्हणाला. “वाफ पाहिजे असेल त्याने चालत यावं. तेवढ्यात पर्ज होऊन जातं.”